घरातलं एक काम त्याचं असू द्या

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला आधीच बजावलं आहे की शाळेच्या आठवणी सांगत बसू नकोस, त्या सगळेच सांगणार आहेत. तू तुझ्या मुलांविषयी बोल. माझी मुलं म्हणजे बालवाडीतली. एकतीस वर्षं मी तीन ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये काढली, आधी बालवाडीत आणि नंतर पहिली-दुसरीच्या वर्गांवर. त्यामुळे मोठ्या माणसांसमोर बोलायची सवय नाही. मध्येच कुणाला ‘हाताची घडी’ म्हणाले तर रागावू नका.

इथं बसलेल्यांपैकी निम्मे तरी आता आजी-आजोबा झालेत आणि बाकीचे त्या वाटेवर आहेत. आईवडील नोकरीवर, म्हणून नातवंडं आपल्याकडे. तेव्हा हे बोलणं आईवडिलांपेक्षा आपल्यालाच जास्त लागू आहे.

सकाळी बालवाडीच्या फाटकाशी उभं राहिलं की काय दिसतं ते सांगते. आजोबांच्या एका खांद्यावर दप्तर, दुसऱ्या खांद्यावर पाण्याची बाटली, हातात डबा, आणि कडेवर साडेचार वर्षांचा नातू. दारात आल्यावर आजोबा वाकतात, त्याला खाली ठेवतात आणि बुटाला हात घालतात. पोरगं पाय पुढे करतं. नजर दुसरीकडे असते, कुठल्या तरी मांजराकडे. पाय आपला आहे आणि बूटही आपला आहे, पण त्यांचं पुढं काय व्हायचं ते दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे, असा तो चेहरा असतो.

हे मूल आळशी नसतं, लाडावलेलंही नसतं. पण वर्गात गेल्यावर त्याच्या शर्टाचं बटण निघालं, तर ते बटणाला हातच लावत नाही. माझ्यासमोर येऊन उभं राहतं आणि म्हणतं, “मला नाही येत.” प्रयत्न करून आलं नाही असं नव्हे, प्रयत्नाच्या आधीच ठरलेलं असतं. हे वाक्य बटणापुरतं राहिलं असतं तर मी आज इथं बोलले नसते. तेच वाक्य पुढे रंगाच्या खडूपाशी येतं, घसरगुंडीपाशी येतं, पहिलीत वजाबाकीपाशी येतं.

मग पालक भेटायला येतात आणि म्हणतात, “बाई, याचा कॉन्फिडन्स जरा वाढवा.” आणि कॉन्फिडन्ससाठी त्याला नाचाच्या क्लासला घातलेलं असतं, स्टेजवर बोलायच्या क्लासला घातलेलं असतं. घरी प्रत्येक गोष्टीला टाळ्या चालू असतात. चित्र काढलं, व्वा! दूध प्यायला, शाब्बास! जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला, सुपर! आपल्या वेळी उलट होतं. आपल्याला कुणी शाब्बास म्हटलं की आपणच घाबरायचो, की आता काहीतरी आणायला पाठवणार. ते फार बरं होतं असं मी म्हणत नाही. बोलून मुलांना खच्ची करणारी घरंही आपण पाहिली आहेत. पण टाळ्यांनी मुलाला स्वतःविषयी खरंच काही वाटायला लागतं का, हा प्रश्न विचारायला हवा.

अमेरिकेत हा प्रयोग सरकारी पातळीवर झाला. 1986 साली कॅलिफोर्निया राज्यानं लोकांचा आत्मसन्मान वाढवावा म्हणून खास समिती नेमली. 1990 मध्ये तिचा अहवाल आला. आत्मसन्मान वाढला की अभ्यास सुधारेल, व्यसनं कमी होतील, गुन्हे कमी होतील अशी आशा होती. शाळाशाळांतून ‘मी खास आहे’ असे तक्ते लागले. पुढे 2003 साली रॉय बॉमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं सगळं संशोधन चाळून पाहिलं. त्यांना दिसलं ते असं, की नुसता आत्मसन्मान फुगवून अभ्यास सुधारत नाही. उलट काही अंशी, अभ्यास जमल्यामुळे आत्मसन्मान वाढलेला असतो. आपण गाडीमागे बैल जुंपत होतो.

कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांचा 1998 चा एक प्रयोग मला पालकसभेत नेहमी सांगावा लागतो. पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. सुटल्यावर काहींना म्हटलं, “तू हुशार आहेस.” काहींना म्हटलं, “तू मेहनत घेतलीस.” मग मुद्दाम अवघड कोडी दिली, जी सुटणार नाहीत. नंतर ‘हुशार’ म्हटलेली मुलं लवकर कंटाळली, त्यांची कामगिरी घसरली, आणि दुसऱ्या मुलांना आपले गुण कळवताना त्यांच्यातल्या जास्त जणांनी ते खोटे वाढवून लिहिले. हुशार म्हणून घेतलेल्या मुलाला पडायची भीती वाटते. त्याला दिलेली वस्तू काढून घेतली जाईल असं वाटतं.

मग खरा विश्वास येतो कुठून? अल्बर्ट बंडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1977 मध्ये याचं उत्तर मांडलं, आणि ते आपल्या आजीला विचारलं असतं तरी तिनं तेच सांगितलं असतं. स्वतः एखादं काम करून ते जमल्याचा अनुभव हा सगळ्यांत मोठा उगम. दुसऱ्याला करताना पाहणं त्याच्या खालोखाल. कुणी ‘तुला जमेल’ म्हणून धीर देणं, याचा उपयोग आहे पण त्या मानानं थोडा. आणि आपण सगळा जोर नेमका त्या थोड्यावर लावतो.

आता एक गोष्ट सांगते. 6 जानेवारी 1907 रोजी रोम शहरातल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरीबाईंनी पहिलं बालगृह उघडलं. त्या डॉक्टर होत्या. मुलं मजुरांची, आईबाप कामावर गेल्यावर जिन्यात आणि आवारात हुंदडणारी. एकदा बाईंना वाटलं, यांना आज नाक शिंकरायला शिकवावं. हसू नका, मलाही हसू आलं होतं पहिल्यांदा वाचताना. त्यांनी रुमालाचे वेगवेगळे प्रकार करून दाखवले आणि शेवटी, आवाज न करता, कुणाच्या लक्षात येणार नाही असं नाक कसं पुसायचं ते दाखवलं. त्यांना वाटलं मुलं हसतील. मुलं अजिबात हसली नाहीत. एकटक पाहत राहिली, आणि धडा संपल्यावर त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

बाईंनी याचा विचार केला. त्यांच्या लक्षात आलं, की या मुलांना नाकावरून रोज बोलणी खावी लागतात. ‘शेंबडा’ म्हणून सगळे हिणवतात, सगळ्यांदेखत कुणीतरी नाक ओढून पुसतं. पण ते कसं करायचं हे आजवर कुणी शांतपणे शिकवलेलंच नव्हतं. त्या दिवशी कुणीतरी त्यांना ते माणसासारखं शिकवलं. टाळ्या त्याबद्दल होत्या.

मुलाच्या स्वाभिमानावर मी बरंच काही वाचलं, पण या नाकाच्या धड्याइतकं काही मनात राहिलं नाही. आपण मुलाला एखादी गोष्ट येत नाही म्हणून रागावतो आणि येत नाही म्हणून आपणच करून टाकतो. या दोन्हींच्या मधली जागा, म्हणजे शिकवणं, ती रिकामीच राहते.

मॉन्टेसरीबाई 1939 साली आपल्याकडे आल्या आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत इथंच राहिल्या. पण त्यांच्या आधीच त्यांचा विचार आपल्याकडे आला होता. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तो महाराष्ट्रात रुजवला; नूतन बालशिक्षण संघाची स्थापना 1926 ची. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. तिथं महागडी साधनं कुठून येणार? शिंपले, बिया, खडे, पानं यांनी ती जागा घेतली. मुलांची अंघोळ, वेणीफणी, नखं कापणं हा बालवाडीचा भाग होता. आमच्या प्रशिक्षणात हे सगळं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा अर्थ कळायला वर्ग हातात यावा लागला.

वर्ग हातात आल्यावर मी काय केलं ते सांगते. पाण्याचा पिंप उंचावर होता, तो खाली आणला. लहान तांबे आणले, पोरांच्या मुठीत मावतील असे. खुंट्या खाली ठोकल्या, म्हणजे दप्तर ज्याचं त्यानं अडकवायचं. बाटल्यांना सुट्टी दिली आणि काचेचे छोटे पेले ठेवले. काचेवरून केवढी ओरड झाली! पालक म्हणाले, बाई, प्लास्टिकचे ठेवा. पण प्लास्टिकचा पेला आपटला तरी काही होत नाही, त्यामुळे तो जपून धरायला मूल शिकणार कसं? पहिल्या वर्षी बरेच फुटले. काचा मी उचलायची, पण पाणी पुसायला फडकं मुलांनीच आणायचं, ही वाटणी ठरलेली होती. दुसऱ्या वर्षी फारसे फुटले नाहीत.

वर्गात रोज कामं असायची आणि प्रत्येक काम एका आठवड्यापुरतं एकाचं. सतरंजी घालणं, चपला ओळीत लावणं, कुंड्यांना पाणी, खाऊच्या वेळी पेले वाटणं. त्या वर्षी एक मुलगा होता. चार वर्षांचा, घरी बोलायचा पण वर्गात एक शब्द नाही. जूनपासून दिवाळीपर्यंत नाही. आई रडकुंडीला आली होती. त्याला मी पेले वाटायचं काम दिलं. तो न बोलता प्रत्येकापुढे पेला ठेवायचा, ठेवल्यावर कान आपल्या बाजूला नीट वळवायचा, कारण त्या पेल्यांना कान होते. याने तो बोलायला लागला असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तसं झालं नाही. बोलायला लागला तो फेब्रुवारीत, आणि का ते मला आजही सांगता येणार नाही. पण डिसेंबरात तो तापानं आजारी पडला. खाऊच्या वेळी मुलं बसली, पेले आले नाहीत, आणि दोन-तीन मुलांनी एकदम विचारलं, “तो कुठंय?” तोवर तो वर्गात नसता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दुसऱ्या आठवड्यात तो आल्यावर मी त्याला सांगितलं, तू नव्हतास तेव्हा पेल्यांचा घोटाळा झाला. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलाला स्वतःविषयी बरं वाटायचं असेल, तर आपल्यावाचून कुठंतरी काहीतरी अडतं हे त्याला कळलं पाहिजे. कौतुकानं ते कळत नाही. काम त्याचं असेल तरच कळतं.

म्हणून घरात त्याला ‘मदत’ मागण्यापेक्षा एक काम त्याच्या नावावर करा. मदत म्हणजे आपल्या सोयीनं, आपल्याला वेळ असेल तेव्हा, पाहुण्यांना दाखवायला. ‘बघा, कशी पोळी लाटते!’ आणि ती पोळी मग हळूच बाजूला ठेवायची. मुलांना हे कळतं. ज्या कामाचा निकाल कुणी वापरत नाही ते काम नव्हे, खेळ आहे, आणि खेळ त्यांना आपल्याशिवायही येतो. तिची पोळी वेडीवाकडी असेल तर ती आजोबांच्या ताटात वाढा आणि आजोबांनी ती मुकाट्यानं खावी. आजोबांनो, ऐकताय ना?

कुठली कामं? आपल्या घरात तोटा नाही. अडीच-तीन वर्षांचं मूल मटार सोलतं, जोडीचे मोजे शोधतं, ओल्या हातानं का होईना पण पाट मांडतं. चार-पाच वर्षांचं मेथी निवडतं. अर्ध्या काड्या पानांत जातात, जाऊ देत. लसूण सोलतं, चपला लावतं, देवापुढची फुलं आणतं. सहा-सात वर्षांचं ताटं-वाट्या घेतं, उशांचे अभ्रे घालतं, कपड्यांच्या घड्या घालतं, कुकरच्या शिट्या मोजतं. आठ-नऊ वर्षांचं कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणतं आणि सुटे पैसे मोजून परत देतं. दहाव्या वर्षी चहा करता यायला हरकत नाही, गॅसपाशी आपण उभं राहून.

शिकवायची रीत मात्र महत्त्वाची. सकाळी साडेसातला, रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना बुटाची नाडी शिकवू नका. रविवारी दुपारी शिकवा. हळू करा, आणि करताना बोलू नका. एकाच वेळी बघणं आणि ऐकणं लहान मुलाला जड जातं. एकदा दाखवलं की हात मागे घ्या. अक्षरशः मागे, मी वर्गात पाठीमागे हात बांधून उभी राहायचे, नाहीतर ते आपोआप पुढे यायचे. आणि सगळ्यांत कठीण ते शेवटी: त्यानं घातलेली घडी त्याच्यासमोर उलगडून पुन्हा घालू नका. तुम्ही तोंडानं ‘छान’ म्हणालात तरी त्याचं लक्ष तुमच्या हातांकडे असतं.

पैसे द्यावेत का, हे मला नेहमी विचारतात. ताटं घेतली की पाच रुपये. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोघांनी 2006 साली अठरा महिन्यांच्या बाळांवर एक साधा प्रयोग केला. मोठा माणूस कपडे वाळत घालता घालता चिमटा खाली पाडतो आणि हात पुरत नाही असं दाखवतो. बाळं दुडदुडत जाऊन चिमटा उचलून देतात. कुणी सांगितलेलं नसतं. 2008 मध्ये त्यांनी वीस महिन्यांच्या मुलांना अशा मदतीबद्दल खेळणं बक्षीस दिलं. बक्षीस मिळालेली मुलं नंतर, बक्षीस बंद झाल्यावर, कमी मदत करायला लागली. ज्यांना काहीच दिलं नव्हतं ती करतच राहिली. नुसतं कौतुक केलेल्यांचंही काही बिघडलं नव्हतं, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही घरी जाऊन एकदम मौनव्रत घ्याल. म्हणजे आपल्या घरात रांगणारं बाळ मदत करायची इच्छा घेऊनच येतं. ‘तू नको, सांडशील’ असं आपण तीन-चार वर्षं सांगतो, आणि दहाव्या वर्षी तक्रार करतो की इकडची काडी तिकडे करत नाही.

आता एक अडचण आहे आणि ती टाळून मला पुढे जाता येत नाही.

काम केल्यानं स्वाभिमान येतो, तर मग आपल्या वर्गातल्या मुली सगळ्यांत स्वाभिमानी व्हायला हव्या होत्या. शनिवारी वर्ग सारवायच्या कोण? आम्ही. मुलगे शेण आणि पाणी आणून द्यायचे आणि मैदानात पळायचे. घरी जाऊन भांडी कोण घासायचं, धाकट्याला कोण सांभाळायचं? आमच्यातल्या कितीजणी आठवी-नववीत सगळ्या घराचा स्वयंपाक करत होत्या आणि वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नव्हत्या. त्यातल्या दोघीतिघी दहावीपर्यंत पोचल्याच नाहीत, म्हणून आजच्या फोटोत नाहीत.

माझ्या पहिलीच्या वर्गातही अशी एक मुलगी होती. रोज उशिरा यायची, कारण आई कामाला गेल्यावर भावाला आंघोळ घालून, जेवू घालून शेजारी ठेवून यावं लागायचं. सात वर्षांची! त्या वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा तिला जास्त कामं येत होती. पण तिला विचारलं की तुला काय काय येतं, तर मान खाली घालून म्हणायची, “काही नाही.” तिला खरंच तसं वाटत होतं. कारण ती करत होती त्याला तिच्या घरात कुणी ‘येणं’ म्हणतच नव्हतं. ते मुलीनं करायचंच असतं. केलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, राहिलं तर मार बसतो. त्यात तिची निवड नव्हती, आणि भावाला पाण्याचा पेलाही उचलावा लागत नव्हता हे ती रोज पाहत होती.

2019 साली केंद्र सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या सगळ्यांना धरून. त्यात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकामुलींचा दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ त्यात जातो, आणि पुरुषांपैकी जे ही कामं करतात त्यांचा 97 मिनिटं. आणि ‘जे करतात’ ते पुरुषांत शंभरातले जेमतेम 26, बायकांत 81. आपण सहा वर्षांपासून मोजायला लागलो तरी हे चित्र दिसतं. तेव्हा ‘मुलांना कामं द्या’ असं मी मोघम म्हटलं, तर अनेक घरांत त्याचा अर्थ ‘मुलीला आणखी कामं द्या’ असाच होईल. म्हणून नीट सांगते. नातीच्या नावावर जेवढी कामं, तेवढी नातवाच्या नावावर. बाहेरची त्याला आणि आतली तिला, अशी वाटणी नको. तिलाही कोपऱ्यावरून दळण आणू द्या, त्यालाही वरणाला फोडणी द्यायला शिकवा. आणि ती अभ्यासाला बसली असेल तेव्हा कुणी पाणी मागितलं, तर ज्याला तहान लागली आहे त्यानं उठावं.

काम शिक्षा म्हणूनही वापरू नका. ‘गृहपाठ केला नाहीस, जा, व्हरांडा झाड!’ असं शाळाशाळांतून व्हायचं. त्यानं दोन गोष्टी होतात. गृहपाठ होत नाही तो नाहीच, आणि झाडू हा अपमानाचा विषय होतो. आपल्या समाजात तो आधीच काही लोकांच्या माथी अपमान म्हणून मारलेला आहे. कुणाच्या मुलानं झाडायचं आणि कुणाच्या मुलानं नाही, हे ज्या शाळेत ठरलेलं असतं तिथं कामातून कुणाचाच स्वाभिमान वाढत नाही. झाडणाऱ्याचा जातो आणि न झाडणाऱ्याला खोटा मिळतो. 1937 च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर सेवाग्रामला नई तालीम सुरू झाली, तेव्हा सफाई आणि स्वयंपाक हे शिक्षणाचेच भाग धरले होते, आणि पाळी सगळ्यांची, शिक्षकांचीसुद्धा. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्याला काढलेल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवायची. तिथून बाहेर पडलेली माणसं ताठ मानेनं चालायची ती कुणी त्यांना ‘तू खास आहेस’ म्हटलं म्हणून नव्हे.

आपल्याच शाळेतलं सांगायचं तर, चित्रकलेच्या सरांनी एकदा शाळा सुटल्यावर रंगाचे डबे स्वतः धुवायला घेतले होते, बाह्या दुमडून. त्यांनी कुणाला बोलावलं नाही. पाच मिनिटांत आम्ही सातआठ जण हौदापाशी होतो, आणि त्यात मुलगेही होते. सर, तुम्हाला हे आठवणार नाही. त्या दिवशी पिवळा रंग माझ्या परकराला लागला तो कधीच गेला नाही, आणि आईची बोलणी मला मुळीच लागली नाहीत.

काही जण म्हणतील, हे सगळं करून पुढे काय होतं, याचा पुरावा आहे का? बोस्टनच्या गरीब वस्तीतल्या मुलांचा त्यांच्या मध्यमवयापर्यंत माग ठेवून जॉर्ज व्हेलंट यांनी 1981 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. किशोरवयात घरची कामं, छोटी नोकरी, शाळेतले उपक्रम असं काहीतरी अंगावर घेऊन करणारी मुलं मोठेपणी मनानं जास्त निरोगी निघाली, माणसांशी त्यांची नाती चांगली राहिली. पण अशा अभ्यासात कशामुळे काय झालं हे छातीठोक सांगता येत नाही. मुळातच सावरलेली मुलं कामही करत असतील. मी त्यावर फार भार टाकत नाही. माझ्यापुरता पुरावा फाटकाशी आहे. जूनमध्ये पाय पुढे करणारं पोरगं मार्चमध्ये आजोबांना म्हणतं, “तुम्ही थांबा, मी घालतो,” आणि उजवा बूट डाव्या पायात घालून ऐटीत चालायला लागतं. आजोबांनी मात्र तेवढ्यात वाकायचं नाही. संध्याकाळी घरी जाईपर्यंत त्याचं त्यालाच कळतं.

एक शेवटचा प्रश्न, आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीनं परवा फोनवर विचारलेला. तिचा सहा वर्षांचा नातू मे महिन्यात परदेशातून येणार आहे, महिनाभरासाठी. मराठी कळतं, बोलायला बिचकतो. ती म्हणाली, त्याला कुठं कुठं फिरवू, काय काय खाऊ घालू, आणि तू म्हणतेस त्याला काम द्या! महिन्याभराच्या पाहुण्याला कसलं काम?

मी तिला म्हटलं, रात्रीची ताटं त्याच्याकडे दे. पहिले दोन दिवस तू शेजारी बस, तिसऱ्या दिवसापासून नको. ताटं घ्यायची म्हणजे त्याला मोजावं लागेल की आज घरात जेवायला कोण कोण आहे. आजोबा आहेत का, मामा उशिरा येणार का, वरच्या काकू उपासाच्या आहेत का. ते विचारायला त्याला घरभर फिरावं लागेल आणि प्रत्येकाशी दोन शब्द बोलावं लागेल, मराठीतच. एखाद्या दिवशी तो एक ताट कमी घेईल. तेव्हा तू उठून आणू नकोस. ज्याचं ताट नाही त्यानं त्याला हाक मारावी. आणि तो परत जायच्या दिवशी, विमानाची गडबड असली तरी, हे काम उद्यापासून कुणाकडे द्यायचं ते त्यालाच ठरवू दे.

ती म्हणाली, त्यानं आजोबांकडे दिलं तर?

तर आजोबांनी घ्यावीत ताटं.